रक्तातले मार्कर ‘हाय रिस्क’, एकत्रित आकडा ‘लो रिस्क’: डबल मार्करचा रिपोर्ट वाचायचा कसा?

तुमचा प्रश्न इतर वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात मांडते. वय ३०, पहिलंच गरोदरपण. १२ आठवडे ४ दिवस झाले असताना एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागच्या द्रवाच्या थराची जाडी मोजणारी सोनोग्राफी) झाला आणि त्याच दिवशी डबल मार्करसाठी, म्हणजे बाळातल्या गुणसूत्रदोषांची शक्यता सांगणाऱ्या रक्ततपासणीसाठी, रक्त दिलं. रिपोर्टमध्ये फ्री बीटा एचसीजी २.४ एमओएम (मध्याच्या किती पट; पुढे सांगते), पॅप-ए ०.४२ एमओएम, एनटी १.३ मिमी, सीआरएल (बाळाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी) ६२ मिमी. त्याखाली डाउन सिंड्रोमसाठी (एकविसावं गुणसूत्र जास्तीचं असण्याचा जन्मजात दोष) तीन आकडे: वयानुसार १:६२०, बायोकेमिकल १:८५ आणि समोर लाल अक्षरांत ‘हाय रिस्क’, मग एकत्रित १:४३० आणि समोर ‘लो रिस्क’. एका डॉक्टरांनी सांगितलं, काही करायची गरज नाही. दुसऱ्यांनी सांगितलं, एनआयपीटी, म्हणजे आईच्या रक्तातल्या गर्भाच्या डीएनएची तपासणी, करून घ्या. नणंद म्हणते, आठवड्याने पुन्हा रक्त दे, नाहीतर क्वाड्रुपल (दुसऱ्या तिमाहीतली चार मार्करची रक्ततपासणी) करून टाक. आणि तुम्ही विचारताय, यातला खरा आकडा कोणता?

एवढंच उत्तर हवं असेल तर १:४३०. पण तुमची खरी अडचण वेगळी आहे असं मला वाटतं. पुढे काहीतरी करायचं की नाही, आणि करायचं तर काय, हे ठरवायचंय; आणि ते ठरवताना लाल अक्षरं डोळ्यांसमोरून हटत नाहीयेत. मी फीटल मेडिसिनमध्ये, म्हणजे गर्भातल्या बाळाच्या तपासण्या-उपचारांच्या शाखेत, बरीच वर्षं काम करतेय आणि असा रिपोर्ट घेऊन आलेलं जोडपं बघितलं नाही असा आठवडा क्वचितच जातो. त्यामुळे जरा विस्ताराने लिहिते. तुमचं स्कॅनिंग मी बघितलेलं नाही, तेव्हा काही गोष्टी ‘हे असं असेल तर’ अशाच सांगाव्या लागतील.

आधी हे मार्कर मोजतात काय ते बघू. बाळाची गुणसूत्रं या चाचणीत कुणी बघितलेलीच नाहीत. पॅप-ए आणि बीटा एचसीजी ही दोन्ही प्रथिनं वारेत (प्लॅसेंटात) तयार होतात आणि आईच्या रक्तात उतरतात. म्हणजे आपण वार कशी वागतेय ते मोजतो आणि त्यावरून बाळाबद्दल अंदाज बांधतो. एकविसावं गुणसूत्र जास्तीचं असलं की वार जरा कच्ची राहते. एरवी एचसीजी आठ ते दहा आठवड्यांच्या सुमाराला शिखर गाठतं आणि मग उतरायला लागतं. डाउन सिंड्रोममध्ये ते हवं तसं उतरत नाही. पॅप-ए एरवी झपाट्याने चढत जातं. डाउन सिंड्रोममध्ये ते मागे रेंगाळतं. बाराव्या आठवड्याच्या आसपास डाउन सिंड्रोम असलेल्या गर्भांच्या गटात बीटा एचसीजी साधारण दुप्पट आणि पॅप-ए साधारण निम्मं सापडतं.

हे ‘दुप्पट’ आणि ‘निम्मं’ कशाच्या तुलनेत, तर त्याच दिवसांच्या इतर गरोदर बायकांच्या तुलनेत. एमओएम म्हणजे तेच. तेवढ्याच दिवसांच्या शंभर जणींना पातळीप्रमाणे ओळीत उभं केलं तर बरोबर मधोमध जी येईल तिची पातळी म्हणजे १. तुमचं एचसीजी तिच्या २.४ पट आहे, पॅप-ए तिच्या ०.४२ पट. इथेच बहुतेकांचा घोटाळा होतो. ‘डाउन सिंड्रोममध्ये दुप्पट असतं आणि माझं तर त्याहून जास्त आहे, म्हणजे झालंच.’ तसं नाही. निरोगी गर्भ असलेल्या बायकांची पातळीसुद्धा १ च्या दोन्ही बाजूंना चांगली ऐसपैस पसरलेली असते. २.४ वर निरोगी बाळांच्या आया भरपूर सापडतात, कारण मुळात निरोगी बाळांची संख्याच प्रचंड मोठी आहे. दोन गट एकमेकांवर इतके चढलेले आहेत की कुठलाही एक आकडा बघून ‘हा इकडचा’, ‘हा तिकडचा’ म्हणता येत नाही. शक्यता किती पट सरकली, एवढंच सांगता येतं.

तुमच्या रिपोर्टमधले तीन आकडे या सरकण्याचे तीन थांबे आहेत. सुरुवात वयापासून. तिशीच्या बाईला बाराव्या आठवड्यात ही शक्यता सुमारे ६२० मध्ये १. मग रक्ताचे आकडे आले. तुमच्यासारखी जोडी डाउन सिंड्रोममध्ये जास्त वेळा दिसते, म्हणून शक्यता सात पटींहून थोडी जास्त वाढली आणि १:८५ झाली. मग एनटी आली. ६२ मिमीच्या गर्भाला १.३ मिमी ही एनटी मध्यापेक्षा कमीच म्हणायची, आणि डाउन सिंड्रोममध्ये ती सहसा वाढलेली असते. त्यामुळे शक्यता सुमारे पाचपट खाली आली आणि १:४३० वर थांबली. एकाच हिशोबाच्या या तीन पायऱ्या आहेत आणि पहिल्या दोन तिसरीत जमा झालेल्या आहेत. १:८५ ला वेगळं धरून बसणं म्हणजे हातात असलेली एनटीची माहिती फेकून देणं.

मग तो आकडा छापतात तरी कशाला? कारण सॉफ्टवेअर तो काढतंच, आणि काही ठिकाणी एनटी मोजलेलीच नसते किंवा तिच्यावर भरवसा ठेवण्यासारखी परिस्थिती नसते. तेव्हा तेवढ्यावरच भागवावं लागतं. माझं मत विचाराल तर एकत्रित आकडा उपलब्ध असताना मधला आकडा लाल अक्षरांत छापू नये. त्याने कुणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही.

आणि १:८५ जरी धरला, तरी त्याचा अर्थ काय? नेमके तुमच्यासारखे आकडे असलेल्या ८५ जणी घेतल्या तर ८४ जणींच्या बाळाला डाउन सिंड्रोम नसतो. १:४३० मध्ये ४२९ जणींच्या बाळाला नसतो. ‘हाय रिस्क’ हे निदान नाही. प्रयोगशाळेने कुठेतरी आखलेल्या रेषेच्या कुठल्या बाजूला तुम्ही आहात, एवढंच ते शब्द सांगतात.

आता भरवशाकडे वळते, कारण १:४३० वर किती विसंबायचं हे त्याच्या मुळाशी असलेल्या माहितीवर ठरतं. असा रिपोर्ट समोर आला की मी खालचा निकाल शेवटी वाचते. आधी वरची, कुणी बघत नाही ती बारीक अक्षरांतली माहिती वाचते: जन्मतारीख, वजन, स्कॅनची तारीख, रक्त घेतल्याची तारीख, सीआरएल, गर्भ एक की दोन, मधुमेह, धूम्रपान, गर्भधारणा आपोआपची की आयव्हीएफने. यातली प्रत्येक गोष्ट एमओएम बदलते. वजन जास्त असलं की तेवढंच प्रथिन जास्त रक्तात मिसळतं आणि पातळी कमी दिसते. वजनाची नोंद चुकली किंवा राहिली तर ७५ किलोच्या बाईचं पॅप-ए उगाचच कमी भरतं. धूम्रपानाने पॅप-ए खाली येतं. आयव्हीएफमध्ये ते थोडं कमी आणि एचसीजी थोडं जास्त असण्याकडे कल असतो. दात्याचं बीज वापरलं असेल तर वय आईचं धरायचं नाही, बीज देणारीचं धरायचं. ही नोंद चुकली तर सगळा हिशोबच चुकीच्या जागेवरून सुरू होतो. सुरुवातीच्या सोनोग्राफीत दोन पिशव्या दिसल्या होत्या आणि त्यातली एक नंतर विरून गेली, असं झालं असेल तर तेही सांगायला हवं. अर्जावर घाईघाईत भरलेल्या या ओळी परत एकदा तपासा. चूक सापडली तर पुन्हा रक्त द्यावं लागत नाही. लॅबला कळवायचं, तेच नमुन्याचे आकडे घेऊन हिशोब नव्याने करून मिळतो.

सगळ्यात मोठा घोळ दिवसांचा. पॅप-ए चढत्या दिशेने आहे आणि बीटा एचसीजी उतरत्या. समजा गर्भ खरा १२ आठवड्यांचा आहे आणि पाळीच्या तारखेवरून आपण त्याला १३ आठवड्यांचा धरलं. १३ आठवड्यांच्या मानाने त्याचं पॅप-ए कमी भरणार आणि एचसीजी जास्त. म्हणजे हुबेहूब डाउन सिंड्रोमचा नमुना, आणि बाळ मात्र ठणठणीत. यात योगायोग काही नाही. जास्तीच्या एकविसाव्या गुणसूत्रामुळे वार कच्ची राहते, आणि रक्ताला ‘कच्ची वार’ आणि ‘वयाने लहान वार’ यातला फरक कळत नाही. दुसऱ्या तिमाहीतल्या क्वाड्रुपलमध्येही हेच. तिथे एएफपी हे प्रथिन बाळाच्या यकृतातून येतं आणि दर आठवड्याला साधारण १५ टक्क्यांनी वाढतं, एस्ट्रिऑल हे संप्रेरक चढत असतं, एचसीजी उतरत असतं. डाउन सिंड्रोममध्ये एएफपी आणि एस्ट्रिऑल मध्यापेक्षा साधारण पाव हिस्सा कमी, एचसीजी आणि इन्हिबिन-ए (चौथा मार्कर, तेही संप्रेरक) साधारण दुप्पट. दिवस जास्त धरले गेले की निरोगी बाळाचाही असाच नमुना दिसतो. म्हणून मी पाळीच्या तारखेवर केलेला मार्करचा हिशोब मानत नाही. तुमच्या बाबतीत सीआरएल ६२ मिमी आहे आणि दिवसही त्याच्याशी जुळतात, तेव्हा ही शंका बाजूला ठेवायला हरकत नाही. फक्त लॅबने दिवस सीआरएलवरून धरलेत ना, एवढं बघा.

नमुन्याची वाहतूक हा प्रकार फारसा कुणी विचारात घेत नाही, पण तो मला महत्त्वाचा वाटतो. रक्तात एचसीजीचा बहुतेक भाग जोडलेल्या स्थितीत असतो आणि मोकळी बीटा साखळी अगदी थोडी. रक्त यंत्रात न फिरवता, सीरम वेगळं न करता, उष्ण जागी तासन्‌तास पडून राहिलं की जोडलेलं एचसीजी सुटायला लागतं आणि मोकळी बीटा वाढते. वाढलेली असते ती नळीत, आईच्या अंगात नव्हे. पॅप-ए त्यामानाने टिकाऊ. त्यामुळे पॅप-ए मध्यावर आहे, एनटी ठीक आहे आणि एकटं एचसीजीच उंच गेलंय, असं दिसलं आणि रक्त एका ठिकाणी घेऊन तपासणीला दूर पाठवलेलं असलं, तर सीरम किती वेळाने वेगळं केलं हे मी विचारतेच. तुमच्याकडे पॅप-एसुद्धा कमी आहे, त्यामुळे सगळं नळीवर ढकलता येणार नाही.

आणि एनटी. १:८५ वरून १:४३० ही घसरण संपूर्णपणे त्या १.३ मिमीवर उभी आहे. एनटीचं मोजमाप मिलिमीटरच्या दहाव्या भागात होतं. गर्भ जरा वाकडा असला, मान मागे ताणलेली किंवा छातीवर दुमडलेली असली, किंवा कर्सरची रेघ चुकीच्या जागी टेकवली, की ०.३ - ०.४ मिमी सहज इकडे तिकडे होतात. कमी मोजली गेली तर जोखीम फसवी कमी दिसते. तुमच्याकडे स्कॅनचे फोटो असतील. त्यात बाळ बाजूने, सरळ रेषेत दिसतंय का, नाकाचं टोक दिसतंय का, डोकं आणि छातीचा वरचा भागच पडदाभर मोठा करून घेतलाय का, मानेमागची त्वचा आणि तिच्या मागची पिशवीची पातळ रेघ वेगवेगळ्या दिसतायत का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. फोटो चांगला असेल तर १:४३० वर माझा भरवसा चांगला आहे. फोटोच नसेल किंवा बाळ अंग गोळा करून पडलेलं दिसत असेल, तर अजून वेळ आहे: सीआरएल ८४ मिमी होईपर्यंत, म्हणजे १३ आठवडे ६ दिवसांपर्यंत, एनटी पुन्हा मोजता येते. त्याच वेळी नाकाचं हाड आणि डक्टस व्हीनोसस या बाळाच्या यकृताजवळच्या छोट्या रक्तवाहिनीतला प्रवाह बघितला तर आणखी माहिती मिळते. पुन्हा काही करायचंच असेल तर रक्तापेक्षा हे करणं शहाणपणाचं.

यातूनच नणंदेच्या पहिल्या सल्ल्याचं उत्तर निघतं. आठवड्याने तेच रक्त परत तपासलं तर नवीन पुरावा मिळत नाही. ज्या बाईचं पॅप-ए आज कमी आहे तिचं पुढच्या आठवड्यातही बहुधा कमीच भरतं, कारण वार तीच आहे. शिवाय पॅप-ए जसजसे दिवस वाढतात तसतशी डाउन सिंड्रोम ओळखण्याची ताकद गमावत जातं. दुसरा आकडा चांगला आला तर तो धरायचा आणि वाईट आला तर पहिला, असं मनाशी ठरवून केलेली तपासणी काही सांगत नाही.

क्वाड्रुपलबद्दलही माझं उत्तर ‘नको’ असंच आहे, आणि त्याला कारण आहे. क्वाड्रुपल ही चाचणी म्हणून वाईट नाही. पहिल्या तिमाहीची वेळ निघून गेल्यावर जी बाई येते तिच्यासाठी ती योग्य आहे: पाच टक्के बायकांना उगाच घाबरवण्याची किंमत मोजून ती डाउन सिंड्रोमची सुमारे ८० टक्के बाळं पकडते. एनटीसह केलेली पहिल्या तिमाहीची चाचणी तेवढीच किंमत मोजून ८५ ते ९० टक्के पकडते. म्हणजे चांगली चाचणी झाल्यावर तुम्ही तिच्यापेक्षा कच्ची चाचणी करायला निघालात. त्यात क्वाड्रुपलचं सॉफ्टवेअर तुमच्या एनटीची दखल न घेता पुन्हा वयापासून हिशोब सुरू करतं. दोन्ही एकाच हिशोबात बांधून करायच्या पद्धती आहेत, पण त्या आधीपासून तशा ठरवाव्या लागतात. वेगवेगळ्या केल्या की दोन्हींच्या खोट्या धोक्याच्या घंटा तेवढ्या तुमच्या वाट्याला येतात. पाठीच्या कण्याच्या दोषासाठी एएफपी हवं असं कुणी म्हणेल. अ‍ॅनोमली स्कॅन (विसाव्या आठवड्याच्या सुमाराची, बाळाची रचना बघणारी सोनोग्राफी) नीट होणार असेल तर तेवढ्यासाठी ते लागत नाही.

जाता जाता, हे मार्कर सापडले ते मुद्दाम शोधून नव्हे, म्हणून मला त्यांचा इतिहास आवडतो. एएफपी तपासत होते ते कण्याच्या दोषासाठी, आणि तिथे काळजी असायची ती पातळी वाढल्याची. एका आईच्या रक्तात एएफपी जवळजवळ सापडतच नव्हतं आणि तिच्या बाळाला अठराव्या गुणसूत्राची ट्रायसोमी, म्हणजे ते गुणसूत्र दोनऐवजी तीन असणं, निघाली. त्यावरून प्रसूतितज्ज्ञ इरविन मर्कॅट्झ आणि सहकाऱ्यांनी जुन्या नोंदी उलगडून बघितल्या आणि १९८४ मध्ये कमी एएफपीचा गुणसूत्रदोषांशी असलेला संबंध मांडला. १९८७ मध्ये वाढलेल्या एचसीजीची नोंद झाली, १९८८ मध्ये तीन मार्करची चाचणी आली, १९९२ मध्ये एनटी, आणि १९९७ मध्ये आईच्या रक्तात गर्भाचा मुक्त डीएनए फिरतो हे संशोधक डेनिस लो यांनी दाखवलं. एनआयपीटी तिथून पुढे आली. २०११ पासून ती वापरात आहे.

तर तुमचे दोन डॉक्टर. एक म्हणतात काही नको, एक म्हणतात एनआयपीटी, आणि तुम्हाला वाटतंय त्यातलं कुणीतरी चुकतंय. मला तसं वाटत नाही. अनेक लॅब १:२५० ही रेषा मानतात, काही १:१५०. त्या हिशोबाने १:४३० सरळ ‘लो रिस्क’. पण अलीकडे बरेच जण तीन गट करतात: अगदी वरचा गट, अगदी खालचा गट आणि मधला, जो साधारण १:५० ते १:१००० असा धरला जातो. मधल्या गटाला एनआयपीटी सुचवायची. १:४३० या पद्धतीत मधोमध पडतो. रेषा कुठे आखायची हा निसर्गाचा नियम नाही, ती माणसांनी सोयीने ठरवलेली आहे. १:२४० आणि १:२६० मध्ये बाळाच्या दृष्टीने काहीच फरक नसतो, पण एकीच्या घरी रात्रभर दिवा जळतो आणि दुसरीच्या घरी पेढे वाटतात.

एनआयपीटी केली तर काय हाती येईल, ते तुमच्याच आकड्यांवर करून दाखवते. तुमच्यासारख्या १:४३० वाल्या ४३,००० जणी घेऊ. त्यांच्यात डाउन सिंड्रोमची बाळं १००. एनआयपीटी त्यातली ९९ पकडते असं धरू. उरलेल्या ४२,९०० निरोगी बाळांपैकी हजारात एकाला ती चुकून पॉझिटिव्ह म्हणते असं धरलं तर अशी ४३. आता निगेटिव्ह आलेल्या बेचाळीस हजारांहून जास्त जणींत सुटलेलं बाळ एक. म्हणजे निगेटिव्ह आली तर डाउन सिंड्रोमची काळजी व्यवहारात संपली. पण पॉझिटिव्ह आली तर? १४२ पॉझिटिव्हपैकी ९९ खऱ्या आणि ४३ खोट्या. साधारण दहात सात. दहात सात म्हणजे खूप, पण एवढ्यावर गरोदरपणाचा निर्णय घेण्याइतकं नक्कीच नाही. कारण हा डीएनएसुद्धा वारेतूनच आलेला असतो, आणि कधी कधी दोष वारेपुरताच असतो, बाळात नसतो. म्हणून एनआयपीटी पॉझिटिव्ह आली की गर्भजल तपासणी (पोटातून सुईने बाळाभोवतीचं पाणी काढून) करून खात्री करायचीच. ‘नव्व्याण्णव टक्के अचूक’ असं वाचून पुढची पायरी गाळणारी जोडपी मी बघितली आहेत, म्हणून जोर देऊन लिहिते.

मग सरळ गर्भजलच का करू नये? करता येते. पंधरा आठवडे पूर्ण झाल्यावर. त्यात बाळाच्या पेशींतली गुणसूत्रं प्रत्यक्ष बघितली जातात, म्हणजे ते निदान असतं. झटपट पद्धतीने मुख्य गुणसूत्रांचं उत्तर दोन-चार दिवसांत मिळतं, पूर्ण कॅरिओटाइपला (सगळ्या गुणसूत्रांच्या पाहणीला) साधारण दोन आठवडे लागतात. गर्भपाताचा जास्तीचा धोका पूर्वी शंभर-दोनशेत एक असा सांगायचे. अनुभवी हातांत तो हजारात एक ते तीनच्या आसपास आहे असं आताचे एकत्रित अभ्यास सांगतात. काही सल्लागार हा धोका आणि १:४३० शेजारी मांडून ‘बघा, कुठला मोठा’ असं विचारतात. मला ती तुलना पटत नाही. निरोगी गर्भ गमावणं आणि न कळलेला डाउन सिंड्रोम या दोन गोष्टी प्रत्येक घरात सारख्या वजनाच्या नसतात, आणि त्या कशा तोलायच्या हे मी ठरवू शकत नाही.

तुमच्या आकड्यांना मी स्वतःहून थेट गर्भजल सुचवणार नाही. सुचवते ते वेगळ्या परिस्थितीत: एनटी ३.५ मिमी किंवा जास्त, स्कॅनमध्ये रचनेचा दोष, किंवा मार्कर अगदी टोकाला, जसं की पॅप-ए किंवा बीटा एचसीजी ०.२ एमओएमच्याही खाली, किंवा बीटा एचसीजी ५ च्या वर. अशा वेळी एनआयपीटी जे शोधत नाही असे दोषही जास्त सापडतात, ट्रिप्लॉइडीसारखे (गुणसूत्रांचा एक पूर्ण संचच जास्तीचा), त्यामुळे गाळणी लावण्यात अर्थ नसतो. दोन्ही मार्कर खूप खाली असणं हे तर अठरा आणि तेरा क्रमांकाच्या ट्रायसोमीचं चित्र; ‘एचसीजी कमी आहे म्हणजे बरं’ असं समजणारेही भेटतात, म्हणून सांगितलं. तुमच्या रिपोर्टमध्ये त्या दोन्हींसाठी वेगळे आकडे असतील, तेही बघा.

इथवरचं थोडक्यात: अर्जावरची माहिती आणि एनटीचा फोटो तपासा; ते ठीक असेल तर १:४३० धरा; रक्त पुन्हा नको, क्वाड्रुपल नको; एनआयपीटी करायची की नाही हे तुमच्यावर. ते ठरवताना मी जोडप्यांना एकच विचारते: पॉझिटिव्ह आलं तर तुम्ही काय कराल? काहींना उत्तर माहीत असतं, काही म्हणतात की आम्ही बाळ वाढवणारच, पण तयारीसाठी आधी कळायला हवं. काहींना कळलं तरी काही बदलायचं नसतं आणि गरोदरपण शांतपणे काढायचं असतं. या शेवटच्या जोडप्यांनी इथेच थांबणं अगदी योग्य. पण तुमच्या मेसेजमध्ये तुम्ही लिहिलंय की चार दिवस झोप नाही, आणि अ‍ॅनोमली स्कॅनपर्यंत वाट बघायची म्हणताय. तसं असेल तर मी एनआयपीटीच्या बाजूने झुकेन, कारण अ‍ॅनोमली स्कॅन या प्रश्नाचं उत्तर देत नाही. डाउन सिंड्रोम असलेल्या बऱ्याच बाळांमध्ये विसाव्या आठवड्याला ठळक असं काहीच दिसत नाही. तो स्कॅन हृदय, कणा, मेंदू यांच्यासाठी करायचा आणि करायचाच. वेळेच्या दृष्टीने तुम्ही मुळीच उशिरा नाही: आज नमुना दिला आणि उत्तराला दीड-दोन आठवडे लागले तरी गरज पडल्यास पंधराव्या आठवड्याचं गर्भजल हाताशी असतं.

राहिली एक गोष्ट, जी दोन्ही डॉक्टरांनी सांगितल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. पॅप-ए ०.४२. एनआयपीटी स्वच्छ आली तरी हा आकडा रद्द होत नाही. पॅप-ए हे एक एन्झाइम आहे. ते वाढीच्या घटकाला धरून ठेवणारं प्रथिन तोडतं आणि तो घटक मोकळा करतं, त्यावर वारेची वाढ चालते. ते कमी असणं म्हणजे वार थोड्या कमी जोराने काम करतेय अशी शक्यता, आणि पुढे बाळाचं वजन कमी भरणं किंवा आईचा रक्तदाब वाढणं याचं प्रमाण अशा बायकांत जास्त असतं. साधारण ०.४ च्या खाली गेलं की आम्ही सावध होतो; तुम्ही उंबरठ्यावर आहात. बहुतेकींचं पुढे सगळं सुरळीत होतं, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. पण शेवटच्या तिमाहीत बाळाच्या वाढीचे एक-दोन जादा स्कॅन आणि रक्तदाबाकडे नीट लक्ष, एवढं मागून घ्या.

प्रीएक्लॅम्प्सियाची (गरोदरपणात रक्तदाब धोकादायक वाढण्याच्या आजाराची) जोखीम काढताना पॅप-ए एकटं पुरत नाही. रक्तदाब, गर्भाशयाच्या धमन्यांचा डॉपलर (रक्तप्रवाह मोजणारी सोनोग्राफी), वजन, घरातला इतिहास, शक्य असेल तर पीएलजीएफ हे वारेतून येणारं प्रथिन, असं सगळं मिळून ती काढतात. ती जास्त निघाली तर रात्री १५० मिग्रॅ अ‍ॅस्पिरिन ३६ आठवड्यांपर्यंत देतात. २०१७ च्या अ‍ॅस्प्रे या औषध-प्रयोगात अशा बायकांमध्ये ३७ आठवड्यांच्या आतला प्रीएक्लॅम्प्सिया त्याने ६२ टक्क्यांनी कमी झाला. मात्र ही गोळी सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू व्हायला हवी, आणि मनाने घ्यायची नाही. तेव्हा एनआयपीटीच्या निकालाची वाट न बघता याच आठवड्यात डॉक्टरांना विचारा की माझी रक्तदाबाची जोखीम काढली आहे का, आणि स्कॅनच्या वेळी धमन्यांचा डॉपलर झाला होता का.

एनआयपीटीचा किंवा गर्भजलाचा रिपोर्ट आला आणि त्यात काही अडलं तर इथेच त्यातले आकडे लिहा. फक्त वरची माहितीची ओळ गाळू नका.